कच्छच्या रेतीत सासूबाई

रायपूरच्या माणसानं समुद्र पाहायचा म्हणजे पुरीला जायचं, असं आमच्याकडे ठरलेलं आहे. जगन्नाथाचं दर्शन घ्यायचं, खाजा विकत घ्यायचा, आणि साडी भिजणार नाही इतक्याच पाण्यात उभं राहून फोटो काढायचा. माझ्या नवऱ्याला समुद्राचा याहून जास्त उपयोग माहीत नाही. तो विजेच्या ऑफिसात आहे. इतकी वर्षं खांबांवर धोक्याच्या पाट्या लावून घेतल्यामुळे त्याला स्टुलावर, शेगडीवर आणि जिन्यावरही कवटी नि दोन हाडं दिसतात. मी शाळेत भूगोल शिकवते. भरती-ओहोटीची आकृती फळ्यावर काढून काढून माझा हात बसला आहे, पण खरी ओहोटी मी पाहिली ती पुरीला, नवऱ्यानं मनगट घट्ट धरलेलं असताना, तेवढीच.

आणि घरात सासूबाई आहेत.

सासूबाई सत्तरी ओलांडलेल्या, रेल्वेच्या ऑफिसातून निवृत्त झालेल्या. त्यांचे वडील जंगल खात्यात होते, जगदलपूरला. कॉलेजात जायच्या वयात आपण इंद्रावतीच्या रेतीत खात्याची जीप चालवायला शिकलो, असं त्या सांगतात. घरात ते कोणी मनावर घेत नसे. नवरा तर म्हणायचा, "आई, जीप तुझे बाबा चालवायचे. तू बाजूला बसून हॉर्न वाजवत असशील."

स्कुटी मात्र त्या खरोखर चालवायच्या. चौबे कॉलोनीच्या चौकात एकदा त्यांनी बिहीच्या ठेल्याला गाडी घासली. बिही म्हणजे पेरू, आमच्याकडे पेरूला तसंच म्हणतात. थोड्या बिही रस्त्यावर घरंगळल्या, बाकी काही झालं नाही. ठेलाच चुकीच्या बाजूला उभा होता, असं सासूबाईंचं म्हणणं. पण त्या संध्याकाळपासून स्कुटीची किल्ली नवऱ्याच्या कपाटात गेली. सासूबाईंनी भांडण केलं नाही. त्या गप्प राहिल्या, आणि त्यांना ओळखणाऱ्या कोणालाही तेवढ्यानं घाम फुटला असता.

माझी एक मैत्रीण आहे, कॉलेजातली, इथलीच, शंकर नगरची. लग्नानंतर ती गांधीधामला गेली आणि तिथं तिला एक वेड लागलं. तिनं जुनी फोर बाय फोर जीप घेतली आणि सुट्टी मिळाली की कच्छचा ओसाड किनारा धुंडाळायला निघते. एका दुपारी तिनं मला व्हिडिओ पाठवला. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला वाळवंट, मधून जीप चाललेली, आणि नजर पोचेल तिथवर एक माणूस नाही. सासूबाई शेजारी मटार सोलत होत्या. त्यांनी मान वाकडी करून पाहिलं.

"हे कुठं आहे?"

"कच्छला, आई."

"दुकानं नाही दिसून राहिली."

"तिथं काहीच नाही. म्हणून तर जाते ती."

सासूबाईंनी दोन-तीन शेंगा सोलल्या. मग म्हणाल्या, "मले तिथं जायचं आहे."

"आणि यांना काय सांगायचं?"

"देवाचं नाव घे न. देवाचं नाव घेतलं का तो गप्प बसते."

कच्छच्या पश्चिम टोकाला नारायण सरोवर आणि कोटेश्वर आहे, हे मी भूगोलाच्या नात्यानं जाणून होते. दोघींनी जेवणाच्या टेबलावर यात्रेचा विषय काढला. सासूबाई आरतीच्या वेळीसुद्धा शब्दकोडं सोडवतात, तरी त्यांनी असा काही सुस्कारा सोडला की मलाच क्षणभर भक्ती दाटून आली. नवऱ्यानं घास खाली ठेवला. "आई, तुले कधीपासून वाटून राहिलं असं?" त्यानं हळव्या आवाजात विचारलं. सासूबाई म्हणाल्या, "वय झालं बाबू."

आम्ही खोटं बोललो नाही, हे मी आजही सांगेन. नारायण सरोवराला जाणारच होतो. आधी काय करणार ते तेवढं सांगितलं नाही.

नवऱ्यानं आम्हाला टॉर्च, ओआरएसची पाकिटं, पट्ट्या आणि प्रत्येकीला एक शिट्टी दिली. हरवलो तर वाजवायला. कॉलेजात जाणारी माझी मुलगी मराठी समजते पण उत्तर हिंदीतच देते. ती स्टेशनवर माझ्या कानात म्हणाली, "मम्मी, आजी ने स्पोर्ट्स शूज़ क्यों पैक किए हैं?" मी म्हटलं, देवळाच्या पायऱ्या चढायला. ती नुसती हसली. तिची आजीशी आधीच हातमिळवणी झाली असावी.

गांधीधामच्या स्टेशनबाहेर मैत्रीण जीप घेऊन उभी होती. जीपला छप्पर म्हणून ताडपत्री आणि दारांच्या जागी नुसते पट्टे. सासूबाईंनी गाडीभोवती एक फेरी मारली, टायरला बुटानं टोकरलं आणि पुढच्या सीटवर जाऊन बसल्या. "काकू, मागे आरामात बसा न," मैत्रीण म्हणाली. "मागून काही दिसत नाही," सासूबाई म्हणाल्या. मी मागे डब्यांच्या आणि पाण्याच्या कॅनच्या मधे बसले.

मांडवीच्या पलीकडे एका गावी मुक्काम करून दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही किनाऱ्यावर उतरलो. परवानग्या मैत्रिणीनं आधीच काढून ठेवल्या होत्या. डांबरी रस्ता संपला, मग बाभळीची झुडपं संपली, आणि वाळूचे डोंगर लागले. मैत्रिणीनं गाडी थांबवून चारही टायरमधली हवा कमी केली, म्हणजे चाकं पसरट होतात आणि रुतत नाहीत. सासूबाई कमरेवर हात ठेवून पाहत होत्या. "मागच्या चाकाची अजून काढ," त्या म्हणाल्या. मैत्रिणीनं माझ्याकडे पाहिलं. मी खांदे उडवले. तिनं थोडी अजून काढली.

वाळूचा शेवटचा चढ ओलांडला आणि खाली समुद्र दिसला. पुरीचा समुद्र अंगावर येतो. हा खूप मागे सरून बसला होता, आणि त्यानं सोडलेली ओली जमीन आभाळासारखी चकाकत होती. एका बाजूला पांढरी-पिवळी रेती, तिच्यावर वाऱ्यानं ओढलेल्या रेघा, ना घर, ना टपरी, ना चिप्सचं पाकीट. मैत्रिणीनं गाडी ओल्या पट्ट्यावर घातली आणि सोडली. पाण्याच्या चिळकांड्या दोन्ही बाजूंनी उडायला लागल्या. सासूबाईंचा पदर मागे येऊन माझ्या तोंडावर फडफडत होता. त्यातून मला त्यांचा आवाज ऐकू आला, "ना बाप्पा! ना बाप्पा!" मला वाटलं घाबरल्या. पदर बाजूला करून पाहिलं तर त्या हसत होत्या, आणि त्यांचा डावा पाय क्लच दाबल्यासारखा खालीवर होत होता.

नेमका तेव्हा नवऱ्याचा व्हिडिओ कॉल आला. त्या ओसाडीत एवढ्या एकाच जागी नेटवर्क असावं, हे आमचं नशीब. गाडी थांबवली. जवळच्या उंचवट्यावर एका लहानशा देवीचं ठाणं होतं, दोन दगड आणि एक भगवं निशाण. आम्ही तिकडे धावलो. सासूबाईंनी डोक्यावरून पदर घेतला.

"पोचले का देवळात?" नवऱ्यानं विचारलं.

"हे पाहा न," मी म्हटलं आणि निशाण दाखवलं.

"गर्दी नाही दिसून राहिली."

"सकाळची वेळ आहे, अहो."

"आई, तुझं तोंड काहून लाल झालं एवढं?"

"भक्तीनं," सासूबाई म्हणाल्या.

फोन ठेवल्यावर मैत्रीण रेतीत बसून पोट धरून हसत होती. सासूबाईंनी मात्र देवीला खरोखर हात जोडले आणि कपाळाला रेती लावली. नंतर मला म्हणाल्या, "बिचारीनं साक्ष दिली आपल्यासाठी. तिले नमस्कार तर केला पाहिजे."

दुपारच्या सुमाराला आम्ही एका खाडीच्या तोंडाशी पोचलो. जीप उंचावर लावली. तिथं मैत्रिणीच्या ओळखीचे एक होडीवाले काका वाट पाहत होते. होडी लहान, फायबरची, मागे इंजिन. भरतीचं पाणी आत शिरलं होतं आणि दोन्ही बाजूंना खारफुटीची झुडपं गुडघाभर पाण्यात उभी होती. मागे वाळवंट आणि पुढे हे हिरवंगार. मी वर्गात "खारफुटीची वने" असं शिकवते आणि मुलं जांभया देतात. इथं पाण्यातून वर आलेली त्यांची मुळं हातानं चाचपून पाहिली आणि मला पुढचा धडा आत्ताच शिकवावासा वाटला.

काका सासूबाईंना बा म्हणत, गुजरातीत बा म्हणजे आई. "बा, यहाँ ऊँट आता है," ते म्हणाले.

"किनाऱ्यावर?"

"नहीं, पानी में. तैरता है."

सासूबाईंनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की, हा माणूस आपल्याला रायपूरचे समजून बनवून राहिला. पण होडी वळणावरून पुढे गेली आणि समोर पाण्यातून नुसत्या माना चाललेल्या दिसल्या. उंट होते. दहा-बारा तरी असतील. अंग सगळं पाण्याखाली, वर लांब मान आणि डोकं, आणि चेहऱ्यावर लग्नात मानपान कमी पडलेल्या मामाचा भाव. एका बेटावरची झुडपं खाऊन झाली म्हणून ते दुसऱ्या बेटाकडे निघाले होते. त्यांच्या मागून एक माणूस रिकाम्या डब्याला धरून आरामात तरंगत येत होता.

सासूबाई उभ्याच राहिल्या. होडी हलली, मी त्यांचा पदर धरला. त्यांनी गळ्यातली शिट्टी काढली आणि जोरात फुंकली. सगळे उंट एकदम वळून आमच्याकडे बघायला लागले. त्यातला एक तर रस्ता सोडून आमच्याच दिशेनं आला, होडीच्या कडेला नाक लावलं आणि सासूबाईंच्या हातातली ठेठरी घेऊन गेला. बेसनाची ही कडक ठेठरी आम्ही रायपूरहून डबा भरून आणली होती. उंटानं ती चावली, थांबला, विचार केला आणि पुन्हा मान पुढे केली.

"तिखट चालते याले!" सासूबाई आनंदानं ओरडल्या.

उंट बेटामागच्या अरुंद फाट्यात शिरले. सासूबाईंना त्यांच्या मागे जायचं होतं. काका म्हणाले, "बा, पानी उतरेगा." सासूबाई म्हणाल्या, "थोडंसं पुढे, काका." थोडंसं पुढे झाल्यावर अजून थोडंसं झालं. काकांना सासूबाईंना नाही म्हणता येईना. माझ्या नवऱ्याशिवाय ते कोणालाच जमलेलं नाही. मग इंजिनानं एकदा खरखर केली, होडी खाली टेकली, आणि पाणी आमच्या डोळ्यांदेखत निघून जायला लागलं. ओहोटीची आकृती मी फळ्यावर दोन मिनिटांत काढते. तीच आता आमच्याभोवती उतरत होती, आणि चिखलातून खेकडे बाहेर येऊन आमच्याकडे बघत होते.

"आता?" मी विचारलं.

"अब पानी आने तक बैठो," काका म्हणाले आणि त्यांनी विडी पेटवली.

आम्ही बसलो. डबे उघडले. भाकरी, ठेचा, उंटानं ठेवली होती तेवढी ठेठरी. पण ऊन कलायला लागलं तशी मैत्रीण अस्वस्थ झाली. अंधार पडला की वाळूच्या टेकड्यांतून वाट सापडत नाही, म्हणाली. जीप लावली होती त्या बाजूचा काठ फार लांब नव्हता. तिनं पँट वर केली आणि चिखलात उडी मारली. पाय गुडघ्यापर्यंत आत गेला, अंग पुढे गेलं आणि घोटा मुरगळला. तिच्या तोंडून जो शब्द निघाला तो मी शंकर नगरच्या मुलीच्या तोंडून पूर्वी कधी ऐकला नव्हता.

मी आणि काका उतरलो. तिला दोन्ही बाजूंनी धरून ओढत काठावर आणलं. मागे वळून पाहते तर सासूबाईंनी साडी कासोट्यासारखी खोचली होती, बूट गळ्यात अडकवले होते, आणि होडीतलं वल्हं काठीसारखं टेकत त्या एकट्याच, न पडता चिखल तुडवत येत होत्या. काका वल्हं घेऊन परत होडीकडे गेले. भरती येईपर्यंत त्यांना होडी सोडून हलता येत नव्हतं.

जीपपाशी पोचलो तेव्हा मैत्रिणीचा घोटा टमाट्यासारखा सुजला होता. क्लच दाबणं शक्य नव्हतं. मला गिअरची गाडी येत नाही. आम्ही दोघी एकमेकींकडे पाहत राहिलो, आणि दाराच्या जागचा पट्टा बाजूला सारून सासूबाई ड्रायव्हरच्या सीटवर चढल्या. सीट पुढे ओढली, आरसा वाकवला.

"आई, अहो..."

"चाबी दे," त्या मैत्रिणीला म्हणाल्या.

मैत्रीण म्हणाली, "काकू, हा छोटा दांडा चार चाकांचा..."

"माहीत आहे मले. तू पाय वर करून बस."

इंजिन चालू झालं. गाडी एकदा हिसकली, दुसऱ्यांदा हिसकली आणि मग सरळ निघाली. ओल्या पट्ट्यावरून सासूबाई शांतपणे चालवत होत्या, दोन्ही हात स्टिअरिंगवर, जीभ दातांत धरलेली. मैत्रीण मागे आडवी, मी पुढे, एका हातानं पट्टा आणि दुसऱ्या हातानं रामाचं नाव धरून. किनारा सोडून वाळूच्या चढाला लागायची वेळ आली. पहिल्यांदा चढताना गाडी निम्म्यावर रुतली. सासूबाईंनी जोर लावला नाही. गाडी त्याच चाकोरीतून हळूच मागे घेतली, बरीच मागे, आणि म्हणाल्या, "घट्ट धरा गं पोट्ट्यांनो."

त्याच क्षणी फोन वाजला. सकाळची तीच जागा, तेच नेटवर्क. स्क्रीनवर मिस्ड कॉलचा ढीग दिसला. दिवसभर फोन लागला नाही म्हणून नवऱ्यानं नारायण सरोवरच्या धर्मशाळेत चौकशी केली होती, आणि रायपूरच्या कोणी बाया आल्याच नाहीत असं त्याला कळलं होतं.

"उचल," सासूबाई म्हणाल्या.

"आता?"

"उचल न. नाही तर तो पोलिसात जाईल."

मी उचलला. नवऱ्याचा चेहरा पांढरा पडलेला. "कुठं आहे तुम्ही? धर्मशाळेत नाही, फोन लागत नाही! आई कुठं आहे?"

मला काय सुचावं? मी फोन फिरवला. नवऱ्याला त्याची आई दिसली. साडीचा कासोटा, तोंडावर चिखल, हातात स्टिअरिंग, आणि काचेपलीकडे वर वर येणारा वाळूचा डोंगर. गाडी वेगात चढली, माथ्यावर पुढची चाकं हवेत गेल्यासारखी वाटली, मागून मैत्रीण किंचाळली, आणि आम्ही धप्पकन पलीकडे उतरलो. सासूबाईंनी ब्रेक लावला.

फोनमधे नवऱ्याच्या मागून माझ्या मुलीचा आवाज आला, "आजी! ये आप चला रहे हो?" नवऱ्याचं तोंड उघडं होतं. मला वाटलं, आता ओरडेल. स्कुटीच्या वेळी ओरडला होता त्याहून जास्त ओरडेल. पण तो बारीक आवाजात म्हणाला, "आई, बेल्ट लावला का?"

"हव," सासूबाई म्हणाल्या. हो म्हटलं खरं, लावला नव्हता. गाडीला तो होताच कुठे? पण त्यांनी पदर खांद्यावरून असा आडवा ओढून घेतला की त्याचं समाधान झालं.

गावात डॉक्टरांनी मैत्रिणीचा पाय बांधून दिला. तिथून पुढे तिच्या नवऱ्यानं ड्रायव्हर पाठवला, तेव्हा सासूबाईंचं तोंड उतरलं. नारायण सरोवराला आम्ही गेलो. सासूबाईंनी शांतपणे दर्शन घेतलं, आणि बाहेर येऊन त्या ड्रायव्हरला टायरमधली हवा जास्त आहे म्हणून सांगितलं.

रायपूरला परतलो तेव्हा नवरा स्टेशनवर आला होता. मी मनात उत्तरं जुळवून ठेवली होती. त्यानं माझ्या हातातली बॅग घेतली, आईच्या हातातली घेतली, आणि दोन्ही गाडीत ठेवल्या. चौबे कॉलोनीच्या चौकात बिहीचा ठेला उभा होता. त्याच्या बाजूनं जाताना, मी फोनवर सांगितलेलं आठवून, त्यानं विचारलं, "उंट खरंच पोहते का?" तिथून जे सुरू झालं ते थांबलंच नाही. जेवताना त्यानं सगळं पुन्हा ऐकलं, दुसऱ्या दिवशी ऑफिसात सांगितलं, शेजाऱ्यांना सांगितलं.

काही महिन्यांनी रायपुरातच, तात्यापारा मोहल्ल्यात, एका नातेवाइकाकडे साखरपुडा होता. पंगतीत नवरा रंगात आला होता. भोवती पाहुणे जमलेले. "गाडी निम्म्यावर रुतली," तो सांगत होता, "आम्ही म्हटलं, आई, मागे घे. मागे घेतली. समोर एवढा डोंगर! आमचा तर जीवच वर आला."

सासूबाई शेजारच्या खुर्चीत ताट घेऊन बसल्या होत्या. त्यांनी घास गिळला आणि अगदी गंभीर चेहऱ्यानं विचारलं, "बाबू, तू कुठं बसला होता रे तेव्हा?"

नवऱ्यानं पाण्याचा ग्लास उचलला. पाहुणे त्याच्याकडे बघत होते.

"मागे," तो म्हणाला. "सामानापाशी."

सासूबाईंनी थोडा विचार केला.

"हव," त्या म्हणाल्या. "तरीच गाडी जड लागून राहिली होती."